सहा रुपयांची थंडी

विदर्भात थंडी पडते हे मुंबईला वर्षातून एकदाच कळतं. डिसेंबरात विधिमंडळ नागपूरला येतं तेव्हा. 28 सप्टेंबर 1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इकडे घ्यायचं कबूल केलंय, म्हणून यावं लागतं. मग जाकिटावर शाल, शालीसमोर कॅमेरा. ‘नागपूरच्या गुलाबी थंडीत राजकारण तापलं’ हा मथळा वर्तमानपत्रांनी खिळे जुळवायच्या काळातच जुळवून ठेवला असावा. दरवर्षी नुसती तारीख बदलतात. हुरडा होतो, तर्री-पोहे होतात, संत्र्यांच्या पेट्या डिकीत चढतात आणि थंडीला खरा जोर यायच्या आत पाहुणे परत जातात.

नागपूरहून वर्ध्याकडे निघालं की सत्तरेक किलोमीटरवर, वर्ध्याच्या थोडं अलीकडे पवनार लागतं. धाम नदी, नदीवर पूल, काठाला विनोबांचा परमधाम आश्रम. इथली थंडी गुलाबी नसते. सकाळी नदीवरून धुकं उठतं तेव्हा पुलाचा पलीकडचा कठडासुद्धा दिसत नाही. त्या धुक्यातून आधी घंटी ऐकू येते, मग माणूस दिसतो. डोक्याला दुपट्टा, दुपट्ट्यावर कानटोपी, दोन स्वेटर, कॅरियरला थैली. नाकाचा शेंडा तेवढा उघडा असतो आणि तो गुलाबी नव्हे, जांभळा असतो.

हा आमचा डाकसेवक. गावात त्याला सगळे पोस्टमनच म्हणतात. खात्यालेखी तो पोस्टमन नाही, पण ते पुढे बघू.

आधी सायकल. रात्रभर अंगणात उभ्या असलेल्या सायकलचं हँडल सकाळी हातात धरून बघा, म्हणजे लोखंड हा काय पदार्थ आहे ते समजेल. थंडीत हवा आकसते. काल संध्याकाळी टणक भरलेलं चाक सकाळी बोटाने दबतं. चेनवरचं ग्रीस घट्ट होतं, पायडल दोन फेरे नुसतं कुरकुरतं. पहिला किलोमीटर सायकल माणसाला नेत नाही, माणूस सायकलला नेतो. बरं, नवी घ्यावी म्हटलं तर कोणती घ्यायची? अॅटलस कंपनीने साहिबाबादचा आपला कारखाना बंद केला तो 3 जून 2020 ला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. असा मुहूर्त आपल्याकडेच निघतो.

आता थंडीचा हिशेब. विदर्भाला समुद्र नाही, हिवाळ्यात ढगही नाहीत. दिवसभर तापलेली जमीन रात्री सगळी ऊब आभाळाला परत करून टाकते, वरून उत्तरेचा कोरडा वारा. म्हणून दुपारी घाम आणि पहाटे दातावर दात. 29 डिसेंबर 2018 ला नागपूरचा पारा 3.5 अंशांवर गेला होता. हवामान खात्याची व्याख्या अशी: मैदानी भागात किमान तापमान 10 अंशांवर किंवा त्याखाली आलं आणि सरासरीपेक्षा निदान साडेचार अंशांनी उतरलं, की ती थंडीची लाट. 4 अंशांपर्यंत गेलं तर सरासरी बघायचीही गरज नाही, सरळ लाट. सरकारच्या आपत्तींच्या यादीत पूर, भूकंप, गारपीट यांच्या पंगतीला थंडीची लाटही बसवलेली आहे. म्हणजे कागद तयार आहे.

अडचण एवढीच की खात्याचा तापमापक पांढऱ्या पेटीत एका जागी उभा असतो. डाकसेवक उभा नसतो. कॅनडा आणि अमेरिका यांनी 2001 साली एक सूत्र नक्की केलं. वारा लागला की उघड्या कातडीला थंडी किती वाटते ते त्यावरून काढतात. त्यात आपल्याकडचे 8 अंश घाला, सायकलचा वेग ताशी 15 किलोमीटर घाला, उत्तर साडेपाचच्या आसपास येतं. झाडाचं पान हलत नसलं तरी हा माणूस स्वतःच्या पायांनी स्वतःपुरती अडीच अंश जादा थंडी तयार करतो. जोरात मारली तर आणखी. हळू मारली तर उशीर झाला म्हणून बोलणी. या जादा अडीच अंशांची नोंद कोणत्याही वेधशाळेत होत नाही, कारण ती खासगी मालमत्ता आहे.

तरी सरकारने सायकलचा विचार केलेला नाही असं कोणी म्हणू नये. केलाय, आणि चांगला मंत्रिमंडळ पातळीवर केलाय.

सातवा वेतन आयोग केंद्र सरकारच्या 197 भत्त्यांची झाडाझडती घेत होता. त्यात एका कोपऱ्यात सायकल भत्ता निघाला. महिना 90 रुपये. आयोगाने शिफारस केली, बंद करा. बरोबरच आहे, राष्ट्राची तिजोरी अशीच तर गळते. पण 2017 च्या जूनमध्ये मंत्रिमंडळाला पाझर फुटला. टपाल खात्याचे पोस्टमन आणि रेल्वेचे ट्रॅकमन यांना सायकल लागतेच, असं मान्य झालं. भत्ता नुसता वाचला नाही, दुप्पट झाला. महिना 180 रुपये! लाभ 22,200 हून अधिक कर्मचाऱ्यांना. 180 भागिले 30. दिवसाला सहा रुपये. फेब्रुवारीत रोजचे काही पैसे जास्त पडतात, तेवढा महिना चैनीचा.

सहा रुपयांत काय येतं ते पुलाजवळच्या टपरीवर विचारलं. चहा नाही येत. वीस रुपयांखाली पंक्चरवाला चाकाला हात लावत नाही. वॉल्व्ह ट्यूबचा तुकडा येतो म्हणे, दुकानदार ओळखीचा असला तर.

आणि हे झालं पक्क्या पोस्टमनचं. खेड्यापाड्यात थैली घेऊन येतो तो बहुतेक वेळा ग्रामीण डाकसेवक असतो. पूर्वी त्याला ‘खात्याबाहेरचा’ म्हणत. आता सेवक म्हणतात. देशात असे अडीच लाखांहून जास्त आहेत. त्यांच्या भरतीची जाहिरात एकदा सवडीने वाचावी, विनोदी दिवाळी अंक विकत घ्यावा लागत नाही. दहावी पास पाहिजे. वय 18 ते 40. सायकल चालवता आली पाहिजे. इथपर्यंत ठीक. मग खुलासा येतो: उमेदवाराला स्कूटर किंवा मोटारसायकल चालवता येत असेल तर त्याला सायकल येते असं समजलं जाईल. वा! मोटारसायकलवाल्याला सायकल येते हे सरकारने ओळखलं. सायकलवाल्याने मोटारसायकल घेतली तर तिला पेट्रोल लागतं, हे ओळखायला आणखी एक आयोग लागेल.

त्याच जाहिरातीत पुढची अट आहे. उमेदवाराकडे पोटापाण्याचं दुसरं साधन असलं पाहिजे. डाकसेवेच्या पैशांवर सगळी भिस्त ठेवता येणार नाही. नोकरी देतानाच ‘यात तुमचं भागणार नाही’ असं लेखी सांगणारा मालक दुसरा दाखवा. इतका सचोटीचा माणूस खासगी क्षेत्रात टिकलाच नसता. शाखेचा डाकपाल व्हायचं असेल तर टपाल कचेरीला जागाही त्यानेच द्यायची. 1977 साली सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की ही माणसं नागरी पदावरच आहेत. खातं म्हणतं, आहेत ना, आम्ही कुठे नाही म्हणतो, फक्त नियमित कर्मचारी नाहीत. काम दिवसाला चार तास किंवा पाच तास. 2018 च्या सुधारणेत चार तासांच्या डाकसेवकाला महिना किमान 10,000 रुपये आणि पाच तासांच्याला 12,000 ठरले, वर महागाई भत्ता. यालाही पगार म्हणत नाहीत बरं का, हाही भत्ताच. वर्ध्याची गाडी धुक्यात अडकून थैली उशिरा आली, तर ते चार तास कोणाच्या घड्याळाने धरायचे, याचा खुलासा मात्र जाहिरातीत सापडला नाही.

मागे एका नातलगाने विचारलं, आता टपाल उरलंय कुठे? पत्रं कोण लिहितं? खरंय, पत्रं कोणी लिहीत नाही. पण थैली हलकी झाली नाही. बँकेची कार्डं, आधारचे लिफाफे, परीक्षेची प्रवेशपत्रं, कोर्टाचे समन्स, औषधांची पार्सलं, आणि शहरातल्या लेकाने आईला घरबसल्या धाडलेली चप्पल, जी आईला हमखास लहान होते आणि त्याच सायकलवरून परत जाते. रजिस्टरी 2025 साली स्पीड पोस्टात विलीन झाली. ठीक आहे. स्पीड सायकलचाच.

त्यात 1 सप्टेंबर 2018 पासून टपाल खात्याची पेमेंट्स बँक आली. आता डाकसेवक बँकही आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे निराधारचे पैसे त्याच्या पिशवीतून घरपोच येतात. खिशात मोबाइल, मोबाइलला जोडलेलं अंगठ्याचं छोटं मशीन. कल्पना उत्तम आहे, हे तिरकसपणे म्हणत नाही. तालुक्याच्या बँकेसमोर उन्हात बसलेल्या म्हाताऱ्यांची रांग ज्याने पाहिली आहे त्याला याची किंमत कळेल. फक्त ज्याने मशीन निवडलं त्याने जानेवारीत कापूस वेचणाऱ्या बाईचा अंगठा पाहिला नसावा.

पऱ्हाटीचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्यांची टोकं सुईसारखी होतात. दिवाळीपासून वेचणी चाललेली. बोटांच्या शेंड्यांवर चिरा, चिरांत काळी माती, वरून कोरडी थंडी. अशा अंगठ्यावर रेषा शोधायच्या.

“लाव माय अंगठा.”

“लावला नं बाप्पा.”

मशीन नाही म्हणतं. पुसून लावा. नाही. दुसरा अंगठा लावा. नाही. खोबरेल तेल चोळायचं ठरतं, तर बाटलीत तेल गोठलेलं. बाटली उन्हाला ठेवायची, पण ऊन अजून अंगणात उतरलेलं नाही. शेवटी आजी चुलीशी जाऊन हात शेकून येते, पदराला पुसते, जपून अंगठा टेकवते. मशीन विचारात पडतं. डाकसेवक हात वर करून मोबाइलला रेंज दाखवतो. अर्ध्या तासाने पैसे निघतात. आणि आजी म्हणते, “काहून रे, मागल्या मयन्यात तं लवकर भेटले होते.” मागल्या महिन्यात थंडी नव्हती, एवढं सांगून तो सायकल उचलतो.

त्याच्या हातमोज्यांकडे तेव्हा लक्ष गेलं. उजव्या मोज्याचा अंगठा आणि पहिलं बोट शेंड्याला कापलेलं. मोबाइलची काच मोज्यावरून चालत नाही, आणि शंभर वेळा मोजा काढ-घाल करण्यापेक्षा कात्री परवडते. सुट्या धाग्यांना बायकोने काजाचा टाका घातलेला, उसवू नये म्हणून. डिजिटल क्रांतीला हातभार लावणाऱ्यांत या माउलीचं नाव कुठे आलेलं दिसलं नाही.

आता कुरियरवाल्या भाईंबद्दल. नाव घेत नाही, एक गेला की दुसरा तसाच येतो. आमचं एक पार्सल यायचं होतं. मोबाइलवर सगळी खबर मिळत होती: भिवंडीहून निघालं, नागपूरला पोचलं, वर्ध्यात आलं, वाटपासाठी बाहेर पडलं. आम्ही ओसरीत, शेकोटीशी, रस्त्याकडे तोंड करून. मांजरही फिरकलं नाही. तेवढ्यात संदेश: ‘आम्ही माल पोचवण्याचा प्रयत्न केला. ग्राहक उपलब्ध नव्हता.’ फोन लावला. पलीकडून पोरगा म्हणाला, “भाऊ, तिकडे लय थंडी आहे, तुम्ही वर्ध्यालेच येऊन घेऊन जा नं.” त्याच्यावर राग येईना. किती खेपांचे किती मिळतात ते त्याला विचारलं, तर त्याचाही हिशेब सहा रुपयांच्याच शेजारपाजारचा निघाला. राग आला तो त्या संदेशावर. ‘प्रयत्न’ शब्द कोणी टंकला असेल? वातानुकूलित खोलीत बसूनच टंकला असणार, आणि वातानुकूलनात थंडी आपल्या मर्जीची असते.

पवनारच्या माणसाला ‘प्रयत्न केला’ असं सांगणं तसं धाडसाचंच. 1946 च्या सुमाराची गोष्ट. विनोबा इथून जवळच्या सुरगावला रोज पायी जात. खांद्यावर फावडं, काम गावची घाण उचलायचं. थंडी असो, पाऊस असो, खाडा नाही. एकदा वाटेतल्या पाण्याला पूर आला, पलीकडे जाता येईना. विनोबा माघारी आले, पण काठापर्यंत जाऊन, पलीकडच्या माणसाला ओरडून निरोप देऊन: देवळातल्या देवाला सांग, सफाईवाला येऊन गेला. याला म्हणतात प्रयत्न केला, ग्राहक उपलब्ध नव्हता. कुरियर कंपन्यांनी आपल्या पोरांना प्रशिक्षणाला कुठल्या हॉटेलात बसवायचं ते बसवावं, पण हा एक धडा त्यात घालायला हरकत नाही. अर्थात मग कंपनीला त्या पोराला काठापर्यंत जायचे पैसे द्यावे लागतील, म्हणून धडा वगळतील.

हा मुलूखच टपालाच्या बाबतीत भाग्यवान. गांधीजी 1936 साली वर्ध्याजवळच्या शेगावला राहायला आले. महादेवभाई देसाई सुरुवातीला वर्ध्यात, मगनवाडीत. रोज पाचेक मैल चालत जायचं, कागदपत्रं द्यायची, कामं घ्यायची, तेवढंच चालत परत. वर्ध्याच्या उन्हात आणि वर्ध्याच्या थंडीत. चरित्रकार त्यांना गांधीजींचे सचिव म्हणतात. थैली, पायपीट आणि परतीचं टपाल बघितलं तर या जिल्ह्याचे पहिले नामवंत डाकसेवक तेच. सायकल भत्त्याचा प्रश्न आला नाही, कारण सायकलच नव्हती.

पुढे गंमत अशी झाली की महात्म्याची पत्रं चुकायला लागली. शेगाव म्हटलं की टपाल निघायचं बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगावला, गजानन महाराजांच्या गावी, जिथे रेल्वे थांबते. शेवटी 1940 साली गावाचंच नाव बदलून सेवाग्राम केलं. व्हाइसरॉय लिनलिथगोने तर टपालाचा नादच सोडला आणि सेवाग्रामला थेट फोन बसवून दिला. तेव्हा पत्र चुकलं तर गावाचं नाव बदलत. आता पार्सल चुकलं तर आपल्याला ओटीपी येतो, तोही दुसऱ्याच्या पार्सलचा.

नाव बदलणं हा काही सगळीकडे चालणारा उपाय नव्हता, देशात शेगावं काय एक-दोन आहेत? तो गुंता सोडवला एका मराठी माणसानेच. टपाल खात्यातले अधिकारी आणि संस्कृतचे कवी श्रीराम भिकाजी वेलणकर. 15 ऑगस्ट 1972 पासून त्यांचा सहा आकडी पिनकोड सुरू झाला. सेवाग्रामचा 442102. त्यातला पहिला 4 बघितला की थैली आपल्या बाजूला निघते, पुढचे आकडे तिला टपाल कचेरीच्या दारापर्यंत आणून सोडतात. व्यवस्था इतकी चोख की पन्नास वर्षं झाली तरी तिला हात लावावा लागला नाही. फक्त आकडे कचेरीच्या दारात संपतात. कचेरीपासून आजीच्या अंगणापर्यंत सातवा आकडा नाही, तिथे सायकल आहे.

परदेशात काय करतात हे सांगितल्याशिवाय आपल्याकडे मुद्दा पटत नाही, म्हणून सांगतो. कोपनहेगनला बर्फ पडला की पालिका आधी सायकलचे मार्ग साफ करते, मोटारींचे रस्ते मागून. फिनलंडमध्ये औलू नावाचं शहर आहे, तिथे गोठणबिंदूच्या खाली कितीतरी अंश गेलं तरी लोक बर्फ दाबून केलेल्या मार्गावरून सायकलवर कामाला जातात. तिथल्यापेक्षा आपली थंडी किरकोळ, हे कबूल. पण तिथे थंडी पडते हे पालिकेला माहीत असतं. आपल्याकडे बर्फ नाही, त्यामुळे फोटो येत नाही. फोटो नाही म्हणून बातमी नाही, बातमी नाही म्हणून थंडी नाही. मे महिन्यात पारा 46 वर गेला की निदान डांबरावर ऑम्लेट करणारा एखादा वार्ताहर तरी येतो. जानेवारीत तो रजईत असतो.

रस्त्यावरून आठवलं. पवनारचं नाव हल्ली राज्यभर गाजतंय, आणि ते विनोबांमुळे नव्हे. 12 सप्टेंबर 1951 ला विनोबा इथून दिल्लीला पायी निघाले होते, ते जुनं झालं. आता शक्तिपीठ महामार्ग पवनारहून निघणार आणि थेट गोव्याच्या सीमेवर पत्रादेवीला टेकणार, असा सरकारचा बेत आहे. 2025 सालच्या आराखड्यात 802 किलोमीटर. अंदाजे खर्च 86,300 कोटी. नागपूर-गोवा प्रवास अठरा तासांवरून आठ तासांवर येणार म्हणतात. कोल्हापूर-सांगलीकडचे शेतकरी जमीन द्यायला तयार नाहीत, ते वेगळं प्रकरण. आम्ही नुसता भागाकार केला. किलोमीटरला 107 कोटींच्या वर पडतात. म्हणजे मीटरला पावणेअकरा लाख. माणसाने एक ढांग टाकली की पावणेअकरा लाख. महिना 180 च्या हिशेबाने तेवढ्यात एका पोस्टमनचा सायकल भत्ता 498 वर्षं भागतो. अकबराच्या वेळी सुरू केला असता तर अजून थोडे पैसे उरले असते.

पवनारहून गोव्याला आठ तासांत जायची पवनारात कोणाला घाई आहे, याची चौकशी केली. एक जण म्हणाला, लग्नात मामाला आणायचं आहे, पण मामा हिंगणघाटला आहे.

डाकसेवकालाही विचारलं. पुलाच्या कठड्याला सायकल टेकवून तो तळहात चोळत उभा होता.

“महामार्ग होऊन राहिला म्हणते आपल्याकडून. ऐकलं का?”

“ऐकलं नं. सायकल चालते का जी त्याच्यावर?”

समृद्धी महामार्गावर दुचाकीलाच बंदी आहे, सायकल तर दूरच, हा वेगळा कशाला निघेल, असं सांगितलं.

“मग मले त्याचं काय काम?” म्हणाला. मग जरा थांबून, थैलीचा पट्टा ओढत, “आहे तसं एक काम. जमिनीच्या नोटिसा आल्या टपालानं, तं घरोघर मीच नेऊन देईन नं. थंडीत काढू नका म्हना तेवढ्या.”